कडुनिंब : चाळीस टक्के पूर्ण

धुळ्यात मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं तेव्हा वेळापत्रक सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. कुठलं काम किती झालं ते रोज संध्याकाळी संगणकात भरायचं. वेळेत असेल तर ओळ हिरवी, उशीर झाला की लाल. मध्येच मालकांना हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवंसं वाटलं आणि पुण्याच्या मुख्य कार्यालयाने फर्मान काढलं, की पर्यावरणाची कामंही याच वेळापत्रकात घ्या. म्हणून स्लॅब, प्लास्टर, फरशी यांच्या रांगेत एक नवं काम येऊन बसलं : ‘कडुनिंब वाचवणे’.

हा कडुनिंब फाटकाजवळ होता. नकाशात त्याच्या जागी गाड्यांसाठी उतार दाखवलेला, तोडायची परवानगीही आधीच काढून ठेवलेली. आम्ही सगळे त्याच्याच सावलीत डबे खायचो. तो वाचावा असं मला मनापासून वाटत होतं, पण मनापासून वाटलेलं संगणकाला चालत नाही. त्याला शेवटची तारीख लागते आणि टक्के लागतात. पुण्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, स्लॅब होईल ती तारीख टाका आणि टक्के थोडे थोडे वाढवत राहा. मी वाढवत राहिले.

आमचे सुपरवायझर शिंदखेड्याचे. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी एकदा पडद्यावर डोकावून पाहिलं, बाहेर जाऊन झाडाला एक फेरी मारली आणि परत आले.

“ताई, चाळीस टक्के वाचना, मंग कोणता? वरना का खालना?”

दुसऱ्या दिवशी मी पन्नास टक्के केले.

स्लॅब झाला तो नेमका आखाजीच्या तोंडावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक सासुरवाशीण माहेरी जाते, झोके घेते आणि कुणाचं म्हणून ऐकत नाही. माझं माहेर रावेरकडे, केळीच्या बागांत. पण मला सुट्टी नव्हती, कारण पुण्यात बसून केलेल्या वेळापत्रकात आखाजी नव्हतीच. मी धुसफुसत होते. त्यात ‘कडुनिंब वाचवणे’ शंभर टक्के झालं. वाचवायचं काम संपलं, म्हणून संगणकाने पुढच्या कामाला आपोआप निरोप धाडला. पुढचं काम होतं, ‘झाड काढणे’.

सकाळी पारोळ्याहून करवतवाला हजर. मी फाटकात आडवी उभी राहून साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, वाचवून झालंय ना, मग अडचण काय? यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात करवतवाल्याने वर पाहिलं. मागच्या वस्तीतल्या माहेरवाशिणींनी पहाटेच फांदीला झोका बांधला होता. त्याने करवत खाली ठेवली. त्याची स्वतःची लेक आदल्याच दिवशी माहेरी आली होती.

“झोका बांधेल शे तवलोंग मी झाडले हात लावाव नही,” तो म्हणाला आणि त्याने चहा मागितला.

साहेबांना हे समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. नाना म्हणाले, मग जे दिसतंय तेच भर की संगणकात. मी नवं काम टाकलं : ‘झोका’. तो संपल्याशिवाय झाड काढायला सुरुवात नाही, अशी गाठ मारली. शेवटची तारीख काय टाकू विचारलं, तर नाना म्हणाले, आखाजी दर साली येते. मी पुढच्या वर्षीची आखाजी टाकली. उताराची ओळ लालभडक झाली. दुपारच्या आत साहेबांनी नकाशात उतारच पलीकडे सरकवला. झाडाच्या प्रेमाने नव्हे, लाल ओळीच्या भीतीने.

त्या दुपारी वस्तीतल्या बायकांनी मला ओढून झोक्यावर बसवलं. हेल्मेटसकट. माहेर आठवून मला रडू आलं आणि मी ते उन्हावर ढकललं.

वसतिगृहात आता मुली राहतात. बाकी सगळ्या ओळी शंभर टक्के आहेत, ‘झोका’ तेवढा चालू आहे आणि ‘झाड काढणे’ त्याच्यामागे अडकून आहे. चालू कामाची पाहणी जागेवर जाऊनच करावी लागते, असं सांगून मी दर आखाजीला कार्यालयातून निघते. झाडाखाली जाते, झोका घेते, तारीख वर्षभर पुढे ढकलते आणि तिथूनच रावेरकडची बस धरते. टक्के मी अजून शून्यच ठेवलेत.