पाठ लागल्यानंतर

कोल्हापूरच्या स्टँडवर बेंगळूरची गाडी लागली तेव्हा माझी बॅग आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यावर होती. बॅगेला खाली चाकं होती, पण चाकांवर सामान ओढत नेणं म्हणजे माणसाच्या अंगात जोर नाही असं आबांना वाटायचं. कंडक्टर म्हणाला, "पैलवान, डिकीत टाका," तर यांनी ती टाकली नाही, लेकराला पाळण्यात ठेवावं तशी ठेवली. आई डोळे पुसत मला डब्यातल्या भाकरी आधी खा की चटणी आधी खा असं काहीबाही सांगत होती. आबा खिडकीखाली आले आणि म्हणाले, "सुनंदा, पाठीला माती लागू दिऊ नगंस." बस. गाडी हलायच्या आत ते पाठ फिरवून चहाच्या टपरीकडे निघूनही गेले.

तुम्ही गावी राहिलात, तुम्हाला हे वाक्य उलगडून सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि ज्यांची पोरं आता लाल माती फक्त कुंडीत बघतात, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या कुस्तीत दोन्ही खांदे मातीला टेकले की खेळ खलास. चितपट. हरलेला पैलवान उठून चालायला लागला की त्याच्या पाठीवरची माती सगळ्या मैदानाला दिसते. आबांच्या पाठीवर ती फार थोड्यांनी पाहिली होती, म्हणून कागलपासून निपाणीपर्यंत त्यांना मान होता. घरातली बोलीही तीच. पोरगा परीक्षेत नापास झाला, पाठ लागली. कुणी भाऊबंदाच्या दारात हात पसरला, पाठ लागली.

लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी किती मैदानं पाहिली असतील! हलगी घुमायला लागली की माझ्या टाचा त्यांच्या छातीवर ताल धरायच्या. मग एका वर्षी "आता मोठी झालीस" म्हणून ते एकटेच गेले. तालमीत तर बाईमाणसाने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही असाच रिवाज होता. मी बाहेरून ऐकायची. शड्डू, धापा, कुणीतरी मातीत आपटल्याचा आवाज. आवाजावरून डाव ओळखायला शिकले आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बेंगळूरला पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये मला डाय, म्हणजे साचे, डिझाइन करायचं काम मिळालं. पहिले काही महिने मी मुकीच होते म्हणा ना. दिवसभर स्क्रीन, कूलंटचा वास, मशीनची घरघर. दुकानात "स्वल्प" म्हणजे थोडं आणि "सरी" म्हणजे बरं, या दोन कन्नड शब्दांवर माझा संसार चालायचा. रिक्षावाल्याला "सरी", भाजीवालीला "स्वल्प", घरमालकिणीला दोन्ही. गावी बोलायला लागले की आई कंटाळून "आता पुरं कर गं" म्हणायची, ती मी इथे रविवारी आरशाशी बोलायला लागले होते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आमचा फोरमन राघू अण्णा मोबाइल आपल्या डब्याला टेकवून काहीतरी बघत होता. मी सहज वाकले. जाळीच्या पिंजऱ्यात एक माणूस बसला होता, कुणीतरी त्याच्या भुवईवरचं रक्त पुसत होतं, आणि त्याचा कान आबांचा होता. खोटं नाही सांगत. तोच मोडलेला, चुरगळून सुजलेला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कान. मातीत डोकं घासून घासून पैलवानांचा कान असा होतो आणि त्यांना त्याचा कोण अभिमान असतो. जगाच्या पलीकडच्या टोकाला, ज्याला आपली भाषा नाही, आपली माती नाही, त्या माणसाच्या डोक्याला माझ्या बापाचा कान. मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा घाबरला. त्याला वाटलं, रक्त बघून मला चक्कर येतेय.

"हे कुठं असतं?" मी नकळत मराठीतच विचारलं.

"एमएमए म्हणतात याला. कुस्ती, ठोसे, लाथा, सगळं चालतं. रविवारी या की घरी," तो म्हणाला. "आमी पण मराठीच की हो."

खरंच मराठी! राघू अण्णाचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. राजाजीनगरच्या त्याच्या घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड कालवून. त्याची आई, सीतक्का, मला "ये गं, कूत घे," म्हणते, म्हणजे बस. अमेरिकेत शनिवारी संध्याकाळी लढती लागतात तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ उजाडते. त्यामुळे सीतक्काचं उप्पिट्टू, फिल्टर कॉफी आणि पिंजऱ्यातली मारामारी हे सगळं तिच्या हॉलमध्ये एकदमच असतं. तिसरा आमचा चिन्मय, अण्णाच्या शेजारी राहणारा, पुण्याचा, आयटीतला. तो लढत बघण्याआधी आकडे बघतो.

"ऑन पेपर वन-सायडेड आहे यार," तो म्हणणार. "रीच अॅडव्हान्टेज बघ ना, हात किती लांब आहेत त्याचे. जवळ येऊच देणार नाही तो."

"रीच घेऊन काय करतो रे?" अण्णा म्हणणार. "एकदा धरला की संपला."

मग मी म्हणायची, "थांबा जरा, हा पट काढणार. त्याचा पुढचा पाय बघा." पट काढणं म्हणजे खाली घुसून समोरच्याचे पाय उचलून त्याला पाडणं. पहिल्यांदा मी ते बोलले आणि पुढच्याच क्षणी त्याने खरोखर पट काढला, तेव्हा चिन्मय माझ्याकडे बघतच राहिला. आता त्या हॉलमध्ये टेकडाऊन कुणी म्हणत नाही. सगळे पटच म्हणतात, सीतक्कासुद्धा. तालमीबाहेर भिंतीला कान लावून शिकलेलं असं राजाजीनगरात उपयोगी पडेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आणि पहिल्यांदा दोन बायका त्या पिंजऱ्यात उतरल्या, हजारो माणसं त्यांच्यासाठी उठून उभी राहिली, तेव्हा माझ्या हातातली कॉफी निवून गेली. मी नुसती बघत होते. इतकं मोठं जग असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

आई गेली तेव्हापासून आबा गावात एकटे. तालमीला कुलूप लागलं होतं, पोरं जिममध्ये जायला लागली होती. मी म्हणायची, माझ्याकडे या. ते म्हणायचे, "लेकीच्या दारात जाऊन बसू व्हय?" त्यांच्या हिशेबी तीही पाठ लागणंच होतं. मी एकुलती एक, दुसरं दार कुठून आणू? मग एक दिवस शेजारच्या मारुती काकांचा फोन आला. आबा परसात पडले होते. बराच वेळ तसेच पडून होते, कुणाला हाकही मारली नव्हती. काका सहज डोकावले म्हणून कळलं. मी विचारलं तर आबा म्हणाले, "काय न्हाई, पाय घसरला," आणि विषय बदलला. त्यानंतर रात्री त्यांनी फोन उचलला नाही की मी मारुती काकांना उठवून बघायला पाठवायची.

खूप विनवण्या केल्यावर ते आले. पण परतीचं तिकीट आधीच काढून, खिशात घेऊन. पिशवीत एक धोतर, दोन सदरे. दिवसभर माझ्या बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीकडे बघायचे. मला रोज वाटायचं, आज म्हणतील राहतो. रोज ते विचारायचे, गाडी कुठनं सुटते. जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी त्यांना राघू अण्णाकडे घेऊन गेले, जरा माणसांत बसतील म्हणून.

सीतक्काने त्यांना वाकून नमस्कार केला. चिन्मयने त्यांचे कान बघितले आणि तोही एकदम खुर्चीवरून उठला. आबा खुलले. पिंजरा बघून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. "माणसं कोंडत्यात व्हय?" मग खाली पडलेल्याला वरचा गुद्दे घालतो हे बघून ते भलतेच चिडले. "पडलेल्याला मारत्यात? लाज न्हाई?" अण्णाने नियम समजावले. आबांनी ऐकून घेतले, पटले मात्र नाहीत.

शेवटची लढत लागली. एक डोंगराळ मुलखातला दणकट कुस्तीगीर आणि समोर ब्राझीलचा काटकुळा, लांब पायांचा. कुस्तीगिराची चाल बघून आबा पुढे सरकून बसले. "ह्यो आपला," म्हणाले. आणि खरंच, थोड्याच वेळात त्याने असा पट काढला की काटकुळा उचलला गेला आणि धाडकन पाठीवर आदळला. दोन्ही खांदे टेकले. आबांनी मांडीवर थाप मारली. "झाली! चितपट!"

मग आमच्याकडे शेवटची कुस्ती झाली की लोक करतात तेच त्यांनी केलं. उठले, सीतक्काला हात जोडले, दाराशी जाऊन एक चप्पल पायात सरकवली. "चला. बेस झाली कुस्ती."

लढत तर चालूच होती. चिन्मयने अण्णाकडे पाहिलं.

"आबा, बसा हो स्वल्प," अण्णा हळूच म्हणाला. "संपली नाही अजून."

"आवं, पाठ लागली की त्याची."

"लागली तर लागू दे. इथं चालतं ते."

आबा वळले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, तसेच दारात उभे राहिले. पडद्यावर कुस्तीगीर वर होता, गुद्दे घालत होता. काटकुळा पाठीवरच होता आणि त्याला उठायची मुळीच घाई नव्हती. त्याने वरच्याचा एक हात धरून ठेवला होता. मग त्याचा पाय सरपटत वर गेला, वरच्याच्या खांद्यावरून मानेभोवती गेला, दुसऱ्या पायाने त्या पायाला अडकवून घेतलं. कात्री बसली. कुस्तीगिराची मान आणि स्वतःचाच हात त्या कात्रीत आवळले गेले. त्याने ओढून पाहिलं, उचलून पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. आणि मग तो डोंगरासारखा माणूस खालच्याच्या मांडीवर हाताने थापट्या मारायला लागला. सोड, हरलो.

काटकुळा जिंकला होता. पाठीवर पडल्या पडल्या.

आमची आरडाओरड झाली, चिन्मय तर नाचायलाच लागला. मी आबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं पाहिलं, मैदानात पहिल्यांदा आलेल्या पोरासारखं. "परत दाव रं," ते चिन्मयला म्हणाले. त्याने दाखवलं. "पुन्यांदा." ते तसेच दारात उभे राहून बघत होते. सीतक्काने शेवटी खुर्ची त्यांच्या मागे सरकवली तेव्हा बसले. "आयला," ते स्वतःशीच म्हणाले. "खालनं. आक्षी खालनं."

परत जाताना मेट्रोच्या फलाटावर ते माझ्या शेजारी उभे होते. मग रुळांकडे बघत बोलले. "परसात पडलो व्हतो न्हवं, तवा मी पाठीवरच व्हतो बग. वर आभाळ दिसत व्हतं. उठाय येईना. हाक मारावी म्हटलं, तर कुणाला दावायचं ह्ये? मनात आलं, झाली कुस्ती. आता नुसतं पडून ऱ्हायाचं."

मी त्यांचा हात धरला. पैलवानाचा हात, अजूनही माझ्या दोन हातांत न मावणारा. लहानपणापासून मी ज्या माणसाकडे मान वर करून बघत आले, त्याने आज मला स्वतःची पडझड दाखवली होती, आणि मला तो तेव्हा होता त्याहून मोठा वाटत होता. मी रडले. फलाटावरच्या लोकांनी बघितलं तर बघू दे म्हटलं.

गाडी आली. दार बंद झाल्यावर आबांनी विचारलं, "फुडल्या रविवारी कुणाची हाय?"

दुसऱ्या दिवशीची परतीची गाडी त्यांच्याशिवाय गेली. तिकिटाबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुम्ही गावाकडचे लोक मला फोनवर विचारता, घरची आठवण येते का गं? येते. उसाच्या फडावरून येणारा वारा आठवतो, स्टँडवरचा चहा आठवतो, आईची हाक तर रोज. पण घर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं, हे मला कित्येक वर्षं नीट सांगता येत नव्हतं. गाव म्हणावं तर तिथे मी पाहुणी, बेंगळूर म्हणावं तर तिथे भाडेकरू. मधल्या मधे लोंबकळत होते. ते परवा सुटलं.

मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. बाहेर आबा मारुती काकांशी फोनवर बोलत होते, नेहमीसारखे, म्हणजे गावापर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल असे. आधी पावसापाण्याची चौकशी झाली. मग सीतक्का आता त्यांना कन्नडात मानाने आप्पाजी म्हणते, ते कौतुक झालं. मग ब्राझीलच्या काटकुळ्याची कुस्ती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कात्रीसकट. काकांचा काही विश्वास बसला नसावा.

"आरं, खोटं कशाला सांगू? खालनं मारली त्यानं," आबा ओरडले. "तू ये की एकदा. रविवार धरून ये. आमच्याकडं ऱ्हा चार दिस."

आमच्याकडं. लेकीच्या दारात नव्हे. मी गॅस बारीक केला. फोडणीच्या आवाजात पुढचं एकही अक्षर बुडायला नको होतं.