सक्तीचा विमा आणि दोन किलोमीटर

व्यवसाय: शाळेची व्हॅन चालवणे. वय: बावन्न. अपघातांचा पूर्वेतिहास: निरंक. कायद्याने सक्तीचा असलेला विमा: उतरवलेला आहे.

सकाळी नाक्यावर पोलिसाने कागद मागितले. व्हॅनवाल्याने विम्याचा कागद पुढे केला आणि तेव्हाच त्याला त्यावरचा नंबर दिसला. तो आधीच्या व्हॅनचा होता. पोलिसाने फक्त तारीख पाहिली. "चोख आहे. जा, काका."

पुढच्या वळणावर थांबून त्याने मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा विमा एजंट होता.

"अरे शहाण्या, जुन्याच गाडीचा विमा काढलास!"

"दाजी, तुम्हीच म्हणालात, गेल्या वर्षीसारखाच काढ. तुमचा शब्द मी कधी मोडलाय का?"

"मागे नऊ पोरं बसलीत. कुणाला धक्का लागला तर घरदार विकावं लागेल मला."

"अकराला ऑफिस उघडलं की बघतो. तोवर सांभाळून चालवा."

शाळा अजून दोन किलोमीटर लांब होती. रस्त्यावरचा प्रत्येक सायकलवाला आज मुद्दाम आपल्यापुढे पडायला निघालाय, असं त्याला वाटू लागलं. एक म्हातारा फुटपाथवर नुसता खोकला, तरी त्याने करकचून ब्रेक दाबला.

"काका, आम्ही उतरून ढकलू का?" मागून एक मुलगी म्हणाली.

शाळेच्या फाटकाशी नऊही मुलं सुखरूप उतरली. त्याला मात्र स्टिअरिंगवरची बोटं सोडवता येईनात.

विमा उतरवलेली व्हॅन महिन्याभरापूर्वीच भंगारात गेली होती.