दामूच्या वहीतली कोरी जागा

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. "दामू गांगुर्डे गेला. सकाळी छातीत कळ आली," पलीकडून कोणीतरी सांगितलं. माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते सांगायचीही लाज वाटते... म्हणजे आता हा गृहस्थ मी सांगितलेलं एकही पुस्तक कधीच वाचणार नाही.

महिना झाला, तरी राग गेलेला नाही. दामू सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होता. तयार होऊन येणारा प्रत्येक भाग मोजायचा आणि ओके, रिवर्क नाहीतर रिजेक्ट असा शेरा मारायचा, हे त्याचं काम. पंधरा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या रांगेत आमची ओळख झाली, तेव्हा कळलं की पुस्तकांनाही तो हेच शेरे देतो. घरी त्याची एक लांबडी वही होती, तिच्यात पुस्तक, कोणी सांगितलं, वाचल्याची तारीख आणि शेरा असे रकाने. ती त्याने मला कधी दाखवली नाही. त्याने सुचवलेली पुस्तकं मी मुकाट्याने वाचायचो. मी सुचवलेल्याचं विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं, "नाय रे मास्तर, राहूनच गेलं. सांग ना, काय हाय त्यात?"

मग मी सांगत बसायचो. पहिली शिफ्ट सुटली की तो सायकल घेऊन शाळेच्या फाटकाशी यायचा आणि आम्ही द्वारकेच्या चौकापर्यंत चालत जायचो. विहीर खणणाऱ्या दोन भावांची एक कादंबरी तर मी त्याला चारदा सांगितली. याला वाचायची इच्छा व्हावी म्हणून दर वेळी शेवट बदलला, एकदा विहिरीला पाणी आणलं, एकदा भावांचं भांडण मिटवलं. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. हा आपला सायकल ढकलत "मग?" म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी! शाळेतली पोरं मी सांगितलेली पुस्तकं वाचत होती आणि माझा सख्खा मित्र ढिम्म. माझ्या आवडीला याच्या लेखी काडीची किंमत नाही, असं वाटून मी मनातल्या मनात खट्टू व्हायचो.

शेवटच्या भेटीत ते बाहेर पडलं. "मास्तर, ते विहिरीचं सांग ना परत," तो म्हणाला आणि मी भडकलो. "मी काय तुझा रेडिओ आहे? यापुढे तुला एकही पुस्तक सांगणार नाही." तो हसला, सायकलवर टांग टाकून निघून गेला. त्यानंतर आठवडाभराने तो फोन आला.

परवा शांतावहिनी वही घेऊन आल्या. "भाऊजी, तुमच्याकडंच राहू द्या. ह्यांच्यासारखं वाचणारं आमच्यात दुसरं कोण हाय?" वही उघडली आणि माझं डोकंच फिरलं. मी सांगितलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात होतं, बहुतेक त्याच आठवड्यात वाचलेलं. पानंच्या पानं "मास्तर", "मास्तर". विहिरीच्या कादंबरीपुढे लिहिलं होतं, "रिजेक्ट. शेवट कच्चा. मास्तरचे चारही शेवट ओके. वाचलं म्हणालो तर सांगायचा बंद होईल."

माणसाने इतकं लबाड असावं? एका शब्दाने बोलला असता, तर ते शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं नसतं. आता भांडायचं तरी कोणाशी?

शेवटच्या पानावर, सगळ्या शेऱ्यांच्या खाली, पुढच्या पुस्तकाची ओळ त्याने आखून ठेवली आहे. पुस्तकाच्या नावाची जागा कोरी. "कोणी सांगितलं"च्या रकान्यात मात्र आधीच लिहिलंय, मास्तर. बाजूला ओळ आखल्याची तारीख, आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची. माझं बोलणं त्याने मनावर घेतलंच नव्हतं.

काल एक चांगली कादंबरी वाचून संपली. तिचं नाव मी त्या कोऱ्या जागी लिहिलं आणि शिफ्ट सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. सातपूरकडून सायकली आल्या, एकेक करून पुढे गेल्या. शेवटची गेल्यावर मी द्वारकेच्या दिशेने चालू लागलो, आणि थोडं पुढे गेल्यावर कळलं की मी गोष्ट सांगायला सुरुवात केली आहे.