ट्रान्सब्रेकचा फ्यूज

"बटन दाबूनच ठेव. मी हात खाली केल्याशिवाय सोडायचं नाही," मी खिडकीजवळ तोंड नेऊन ओरडलो.

पल्लवीने मान हलवली. हेल्मेटमधून तिचे फक्त डोळे दिसत होते. अंगठा स्टिअरिंगवरच्या लाल बटनावर, उजवा पाय अॅक्सिलरेटरवर. मी मागे सरकलो आणि हात वर केला. तिने पाय तळापर्यंत दाबला. इंजिनाच्या आवाजाने छाती हादरत होती, गाडी मात्र जागची हलत नव्हती. ही तिसरी चाचणी. आधीच्या दोन नीट पार पडल्या होत्या, त्यामुळे आम्ही सगळेच थोडे सैल झालो होतो.

मी गिअरबॉक्सवाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायचे, दुरुस्त करायचे, परत बसवायचे, एवढंच मला येतं. सतरा वर्षं कन्हानकडे कोळशाच्या खाणीत डंपरच्या वर्कशॉपमध्ये काढली. नंतर नागपुरात हिंगणा रोडवर स्वतःचं गॅरेज टाकलं. खाणीतले माझे फोरमन नामदेवभाऊ रिटायर झाल्यावर घरी बसून कंटाळले आणि माझ्याकडे येऊ लागले. मला पाना धरायला शिकवणारा माणूस माझ्याच गॅरेजमध्ये काम करायचा. मी मालक असूनही चूक दिसली की ते मला ग्राहकासमोर झापायचे आणि मी ऐकून घ्यायचो.

गाडी संदीपची होती. कळमन्यात त्यांची दालमिल आहे. त्याला ड्रॅग रेसिंगचं वेड. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता, दोन गाड्या, साधारण चारशे मीटर. वळण नाही, ओव्हरटेक नाही. पहिल्या अर्ध्या सेकंदात जो चांगला सुटला, तो बहुतेक जिंकतो. स्वतः संदीप गाडीत बसला की गाडीचं वजन एका क्विंटलने वाढतं, म्हणून चालवायची त्याची धाकटी बहीण पल्लवी. मोठी इंपोर्टेड सेडान त्याने जुनी घेतली होती आणि तिच्या गिअरबॉक्सला ट्रान्सब्रेक बसवायला माझ्याकडे आणली होती.

ट्रान्सब्रेक म्हणजे काय, ते सांगतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर दुसराही हळूहळू फिरायला लागतो, तसं त्याचं काम. गाडी धरून ठेवून इंजिन जोरात फिरवलं तर कन्व्हर्टरमध्ये ताकद तुंबते. पण एवढी ताकद पायाच्या ब्रेकला धरवत नाही, चाकं फिरायला लागतात. म्हणून गिअरबॉक्समध्येच एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवतात. बटन दाबलं की पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लागतात. एकाच दाराला दोन माणसं दोन्ही बाजूंनी ढकलत असली तर दार हलत नाही, तशी गाडी हलत नाही. बटन सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि तुंबलेली सगळी ताकद एकदम चाकांवर जाते.

या ब्रेकचा एक दुर्गुण आहे. करंट आहे तोवरच तो धरतो. बटन सोडलं काय किंवा वायर तुटली काय, गाडीला दोन्ही सारखंच. ती सुटते.

हे मी पल्लवीला दोनदा सांगितलं होतं, संदीपला एकदा.

व्हॉल्व्हला स्वतःचा वेगळा फ्यूज द्यायचा हा नियम आहे. तो मला माहीत होता. पण फ्यूजबॉक्समध्ये जागा शिल्लक नव्हती, नवा बॉक्स मागवला होता, तो यायला चार दिवस होते आणि संदीपला रविवारीच टेस्ट हवी होती. "भाऊ, फक्त लाँच बघायचं आहे, वीस मीटर," तो म्हणाला. मी व्हॉल्व्हची वायर गिअरबॉक्सच्या कूलिंग फॅनच्या फ्यूजवर जोडली. एका दिवसापुरती. एवढ्या वर्षांत शंभर वेळा दुसऱ्यांना शिव्या दिल्यात मी असल्या जोडणीसाठी.

टेस्ट बुटीबोरीला, संदीपच्या मामांच्या बंद पडलेल्या मिलच्या आवारात. आत लांबलचक सिमेंटचा रस्ता, फाटकाला कुलूप, माणूस नाही काणूस नाही. दुपारचे साडेतीन झाले होते.

खाणीत आमची एक रीत होती. गिअरबॉक्स नवा बसवला की डंपर ब्रेकवर धरून, गिअरमध्ये टाकून, इंजिन पूर्ण जोरात चालवून बघायचं. त्याला स्टॉल टेस्ट म्हणतात. टेस्ट पास झाली की ती गाडी तशीच गरजत असताना पुढच्या चाकाखाली नारळ ठेवायचा आणि मग गाडी सोडायची. बंद इंजिनासमोर ठेवलेला नारळ लागू पडत नाही, असं नामदेवभाऊंचं ठाम मत. या गाडीलाही त्यांनी नारळ आणला होता. पल्लवीने हात जोडले, "काका, बंपर जमिनीला टेकलेला आहे, फुटेल." मग लिंबांवर तडजोड झाली.

पहिल्या दोन टेस्टना मी लिंबू ठेवू दिलं नाही. तिसरीला म्हटलं, ठेवा.

मी हे म्हणालो, हे लिहायला मला बरेच महिने लागले.

इंजिन बंद असतानाच त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांपुढे लिंबं ठेवली. मला वाटलं, झालं. गाडी सुरू झाली, पल्लवीने बटन दाबलं, पाय दाबला. त्या थरथरीने डाव्या चाकापुढचं लिंबू घरंगळलं. नामदेवभाऊ दोन पावलं पुढे आले आणि लिंबू जागेवर ठेवायला वाकले. मी उजव्या बाजूला होतो, हात अजून वरच. त्यांना हटकायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी सुटली.

पंधरा मीटरवर पल्लवीने ती थांबवली. नामदेवभाऊ रस्त्यावर पडले होते. चाक डाव्या पायावरून गेलं होतं. ते ओरडत नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते. संदीपने शर्ट काढला, तो मी मांडीला आवळून बांधला.

संदीप त्याची दुसरी गाडी आणायला धावला. मी रेसगाडीचा मेन स्विच बंद करायला गेलो. पल्लवी सीटवर तशीच बसली होती. तिचा अंगठा अजून बटनावर होता, इतका घट्ट की नखाखाली पांढरं पडलं होतं. मी फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं. फॅनचा फ्यूज उडाला होता. तीन टेस्टमध्ये तेल तापलं, फॅन आपोआप सुरू झाला, त्याने करंट एकदम खेचला, फ्यूज गेला आणि त्याच्यासोबत ब्रेकही गेला. समजायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

मी फ्यूज काढला आणि खिशात टाकला. का टाकला, ते मला तेव्हाही माहीत होतं.

वर्धा रोडवरच्या हॉस्पिटलमध्ये त्याच संध्याकाळी पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. कॉरिडॉरमध्ये संदीप माझ्या कानाशी लागला.

"भाऊ, पोलिसांना सांगू, काका स्वतःहून समोर आले. खोटं तर नाहीये ना?"

पल्लवी बाकावर बसून होती. तिने मान वर केली.

"दादा, उगाच काय बोलून राहिला? माझा अंगठा सुटला. माझ्याच हातून झालं."

"तुझ्या लक्षात आहे का तसं?" मी विचारलं.

"लक्षात नाही काका. पण दुसरं काय असणार?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. फ्यूज पँटच्या खिशात होता. मी तिला म्हणालो, "घरी जा, झोप थोडी." असली भलाई केली मी.

तिसऱ्या दिवशी नामदेवभाऊंना आयसीयूतून बाहेर आणलं. त्यांच्या बायकोला त्यांनी चहा प्यायला खाली पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

"ब्रेक कसा काय सुटला गा?"

"भाऊ, आराम करा."

"आराम होते. पण मले समजून नाही राहिलं. डंपरची हवा गेली तं डंपर जागीच जाम होते. लाइन फुटो, पाइप फुटो, ब्रेक आणखी घट्ट बसते. जिंदगी गेली माही चाकाखाली वाकण्यात. ब्रेक बिघडला तं गाडी थांबते, एवढं तं मले ठाऊक हाये. म्हणून तं वाकलो मी."

खाणीच्या डंपरचा ब्रेक खरंच तसा असतो. हवेच्या दाबाने तो सुटतो, दाब गेला की स्प्रिंग त्याला आवळते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"ह्या ब्रेकचं उलटं हाये भाऊ," मी म्हणालो. "करंट गेला की गाडी सुटते."

"अन् करंट गेला?"

"फ्यूज उडला. फॅनवर जोडला होता मी."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"करंट गेला तं सुटते, हे त्या पोरीले सांगतलं होतं?"

"दोनदा."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मला खूप उत्तरं सुचली. खरं एकच होतं. "तुम्हाले ब्रेकबद्दल मी काय सांगाचं, असं वाटलं."

"सांगाचं होतं गा," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी खाली जाऊन पल्लवीला फोन केला. सगळं सांगितलं, खिशातल्या फ्यूजसकट. ती म्हणाली, "दोन दिवस झाले काका. दोन दिवस मी ह्या अंगठ्याकडे बघत बसले आहे, हाच सुटला म्हणून. आणि तुम्हाला माहीत होतं." तिने फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

तिथून मी पोलीस ठाण्यात गेलो. फ्यूज टेबलावर ठेवला आणि जबाब दिला. साहेब लिहिता लिहिता थांबले.

"दोन दिवस हा कुठे होता?"

"खिशात."

"का?"

"भीतीने," मी म्हणालो. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

हलगर्जीपणाचा आणि पुरावा लपवल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल झाला. केस अजून चालू आहे, वकील म्हणतात तारखा पडत राहतील. संदीपने ती गाडी विकली. नामदेवभाऊंना नकली पाय बसला, काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. मी गेलो की बसा म्हणतात, पिकापाण्याचं विचारतात. गॅरेजचं विचारत नाहीत.

ट्रान्सब्रेकची कामं मी बंद केलेली नाहीत. करायला हवी होती असं माझी बायको म्हणते, कदाचित तिचं बरोबरही असेल. फक्त आता टेस्टच्या आधी आवारातल्या प्रत्येकाला मी उभं करून सांगतो, करंट गेला की ही गाडी सुटते. नवख्या माणसाला एकदा सांगतो, तो घाबरून आपणच लांब जातो. जुन्या मेकॅनिकला तीनदा सांगतो आणि त्याच्याकडून म्हणवून घेतो. बहुतेकांना अपमान वाटतो. वाटू द्यावा.