राखीव खुर्ची

घटनादुरुस्तीनंतर बायका सरपंच होऊ लागल्या, तेव्हाची गोष्ट. भडगावच्या प्रशिक्षणात मी बोलायला उभी राहिले, तर खुर्च्यांवर सगळे नवरे आणि सरपंच बायका मागे सतरंजीवर! डोकंच फिरलं माझं.

एका बाईंना गावच्या पाण्याविषयी विचारलं, तर उत्तर नवऱ्यानं दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तोच बोलला. बाई दर वेळी तोंड उघडायच्या, मिटायच्या आणि पदर आणखी घट्ट खोचायच्या.

शेवटी त्या उठल्या आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हाई जागा बाईसनी शे. तुम्हीन उठा."

तो हसून इकडेतिकडे बघत राहिला. बाई हलल्या नाहीत. नाइलाजानं तो उठला. बाई बसल्या आणि मला म्हणाल्या, "आते इचारा."

मी आशेनं सतरंजीकडे पाहिलं. दुसरी कोणीच उठली नव्हती.