अंतरपाटाच्या अलीकडचा जाळ

मेहुणीच्या लग्नात मी लग्न लागायच्या आधीच वऱ्हाडाला शेकलं. चूक माझी. बटण माझ्या हातात होतं आणि माझा हात कुणी धरला नव्हता.

आधी धंदा सांगतो. सभा, लग्नं, नव्या गाड्यांचे समारंभ, जिथे उघड्यावर माणसं जमतात तिथे मी त्यांना एकदम ऊब पुरवतो. स्टेजच्या दोन्ही अंगांना लोखंडी नळकांडी, त्यांच्या बुडाशी गॅसची सिलिंडरं, माझ्या हातात रिमोट. बटण दाबलं की भस्सकन ज्वाळा वर जातात. ज्वाळा लोक मोबाइलमध्ये धरतात, पण खरा माल ज्वाळा नव्हे, तिच्या मागून येणारी गरम लाट. नाशिकच्या डिसेंबरात, गंगापूर रोडच्या लॉनवर शाली लपेटून कुडकुडणाऱ्या हजारभर गालांवर ती लाट एकदम आली की सगळे मिळून 'हाऽऽ' करतात, आणि त्या क्षणी समोर जे काही असेल ते त्यांना मनापासून आवडतं. समोर पुढारी असला तर म्हणतात, साहेब थेट काळजाला भिडले. भिडलेला असतो गॅस. ट्रॅक्टरकडे बघून डोळे पुसणारा माणूस मी पाहिलाय, आणि तो त्याचा ट्रॅक्टरही नव्हता. माणसाच्या अंतःकरणावर व्याख्यानं देणाऱ्यांनी एकदा माझ्या सिलिंडरापाशी येऊन बसावं. अंतःकरणाला एक नळी पुरते.

ही विद्या सासुरवाडीत मात्र कवडीमोल होती. सासूबाई माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "हे आमचे थोरले जावई," मग जरा थांबायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "यांचं ते कार्यक्रमांचं काहीतरी असतं." धाकटा होऊ घातलेला जावई सिन्नरच्या एका कारखान्यात मॅनेजर. लग्न ठरून पुरता महिना झाला नव्हता, तरी त्याचं खातं, त्याची गाडी, त्याच्या कँटीनमधली कढी, सगळं सासूबाईंना एका दमात पाठ. तेव्हा मी ठरवलं. या लग्नात अंतरपाट खाली येईल, त्याच क्षणी मांडवभर ऊब पसरेल, हजार माणसं गहिवरतील आणि सासूबाई म्हणतील, "हे आमचे थोरले जावई." तिथेच वाक्य संपेल. पदर नाही, काहीतरी नाही. एवढंच हवं होतं मला.

बायको म्हणाली, "अहो, नको. लग्न आहे ते, सभा नाही."

"फरक काय?"

"सभेत माणसं निदान समोर तरी बघतात." मग म्हणाली, "आईला खूशच करायचंय ना? एक साडी घेऊन द्या तिला."

अडचण एकच होती, नेमकं कधी दाबायचं. आमच्याकडच्या लग्नात गुरुजींची मंगलाष्टकं संपतात, नातेवाइकांची संपत नाहीत. प्रत्येक आत्या-मावशी घरी रचलेलं एक घेऊन येते आणि त्यात दोन्ही घरांतली यच्चयावत नावं कोंबून बसवते, चाल त्याखाली चिरडली तरी चालेल. शेवटचं कुठलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. गुरुजी बिचारे आपण होऊन म्हणाले, "शेवटचं आलं की मी मान हलवीन, मग दाबा."

मी हसलो. "गुरुजी, तुम्ही तुमचं बघा. मी असले कार्यक्रम ढिगानं केलेत."

माझी खूण वेगळी होती. मी बघायचो बँडमधल्या क्लॅरनेटवाल्याकडे. तो लग्नाकडे ढुंकून बघत नाही, पण शेवटचं 'सावधान' यायच्या अर्धा श्वास आधी त्याचं क्लॅरनेट ओठांना लागलेलं असतं. आजवर कधी चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी थंडी अशी, की पाहुणे कोटावर शाल, शालीवर मफलर घेऊन बसलेले. बसलेले म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकलेले, तोंड जिलेबीच्या दिशेला. अक्षता मुठीत घामेजायच्या ऐवजी गोठत होत्या. नवऱ्यामुलाची आत्या माइकवर स्वतःची रचना गात होती आणि आत्ता कुठे चुलतभावंडांपर्यंत पोचली होती. इतक्यात क्लॅरनेटवाल्यानं क्लॅरनेट ओठांना लावलं. मी दाबलं.

तो वाजवणार नव्हताच. गारठ्यानं नळी थंड पडली होती, तिच्यात फुंकून तो ती गरम करत होता. माझाच उद्योग, फक्त तो मुकाट्यानं करत होता.

भस्स! मागोमाग 'हाऽऽ'! साऱ्या मांडवाला वाटलं झालं, आणि उरल्यासुरल्या अक्षता एका दमात उडाल्या. क्लॅरनेटवाला दचकला आणि दचकून वाजवू लागला. तो लागला म्हणून सगळा बँड लागला. अंतरपाट धरलेल्या दोन मामांपैकी एकानं आपला फेटा वाचवायला आपलं टोक सोडलं. मेहुणीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवऱ्याकडे बघताना ती लाजली होती.

"पाट धरा! पाट धरा!" गुरुजी ओरडत होते. "लग्न लागलेलं नाही! बसून घ्या मंडळी!"

बँडपुढे गुरुजींचं कोण ऐकतो? "लागलं, लागलं," म्हणत माणसं उठली. गहिवरलीसुद्धा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे पुसत पुसतच ताटांकडे पळत होती. एक गृहस्थ मुद्दाम माझ्यापाशी थांबले. "काय लग्न लागलं हो! अंगावर काटा आला."

"काका, लागायचंय अजून."

"लागेल की," म्हणाले, "पुऱ्या गार होतील." आणि गेले.

बँड गप्प झाला, पाट पुन्हा धरला गेला. आत्याबाईंनी जिथे तुटलं तिथून नाही, पहिल्यापासून सुरुवात केली. ऐकायला घरचीच माणसं, बाकी रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्यावर विसरलेल्या दोन-चार शाली. अक्षता संपल्या होत्या, म्हणून आचाऱ्याकडून कोरडे तांदूळ आणले. माझ्या सिलिंडरांत आता फुंकर घालण्यापुरताही गॅस नव्हता. त्या गारठ्यात पाट खाली आला, माळा पडल्या. मेहुणी रडली, बायको रडली, सासूबाई तर हमसून रडल्या. कुणी काही दाबलं नव्हतं. यालाही नाक मुरडावं असं माझ्या मनात होतं, पण माझेच दात वाजत होते.

सगळं पार पडल्यावर आत्याबाई स्टेजवरून उतरल्या त्या सरळ सासूबाईंकडे. माइक अजून हातातच. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "विहीणबाई, तो रिमोटवाला कोण हो तुमच्याकडचा?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओळख करून देणार म्हणून मी फेटा सारखा केला आणि नमस्काराला हात जोडून पुढे झालो.

"तो होय?" सासूबाईंनी डोळे पुसले. "गॅसवाला आहे. त्याला जेवायला वाढा कुणीतरी, म्हणजे जाईल."