विहिरीतला हिरवा दगड

मी लग्न होऊन मुळशीच्या खोऱ्यात आले, त्याच पावसाळ्यात ताक कळकलं, त्यात तांब्याचा हिरवा विषारी कळक उतरला, आणि घरभर उलट्या झाल्या. कल्हई उडालेल्या तांब्याच्या पातेल्यात ताक ठेवलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. पातेलं माझ्या माहेरचं होतं, दोष माझ्यावर यायला तेवढं पुरलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, विहीर खणत होते. पाणी लागलं आणि त्याच दिवशी सुरुंगानं फुटलेल्या काळ्या खडकात हिरवा दगड निघाला. बारीक बारीक पोकळ्या, आतून हिरव्यागार माखलेल्या. सासूबाईंनी लांबूनच बघितला.

"कळक हाय ह्यो. खाली तांबं हाय. ह्ये पाणी पिऊन मरायचं व्हय?" म्हणाल्या, आणि बघितलं माझ्याकडे. जसा काही तो दगडही मीच माहेराहून आणला होता.

मामंजींनी विहीर बुजवायचं ठरवलं. इकडे ओढ्यावरून पाणी वाहून माझी मान मोडायची वेळ आलेली. मी एक दगड गुपचूप घरी आणला आणि चिंच-मीठ लावून घासघास घासला. भांड्यावरचा कळक चिंचेनं निघतो, खाली लाल तांबं दिसतं. हा मेला हिरवाच राहिला. नखानं खरवडला तर साबणासारखा मऊ भुगा आला. हिरवी मातीच होती ती. आमच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत ती असतेच आणि तिच्यात तांबं नसतं, लोखंड असतं, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

घासूनही हिरवाच राहिलेला दगड आणि चिंचेनं घासून लाल केलेलं माहेरचं पातेलं मी मामंजींपुढं ठेवलं. डोक्यावरचा पदर ओढून म्हटलं, "मामंजी, कळक न्हाई ह्यो. पाणी चांगलं हाय."

त्यांनी दगड उलटासुलटा केला. मग विहिरीच्या पाण्याची कळशी पुढं सरकवली. "मग आदी तू पी."

मी प्यायले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. देवापुढं बळीच्या बकऱ्यावर पाणी टाकून ते अंग झाडतंय का बघतात ना, तसे. लाजेनं माझे कान तापले. माझा नवराही त्यांच्यातच होता, दिवसभर घण मारून तहानलेला. 'आण, मी बी पितो' एवढं म्हणायला काय लागत होतं त्याला?

सकाळी मी धडधाकट अंगण झाडताना दिसले, तेव्हा त्यानं कळशी उचलली आणि घटाघटा प्यायला.

"ग्वाड हाय गं पाणी," म्हणाला.

मला मान वर करवेना. ज्याला लाज वाटायला हवी होती तो तोंड पुसून शेताकडे निघून गेला, आणि त्याची लाज मला वाटत राहिली.